दिव्याची दांडी

५ नोव्हेंबर

आज पुन्हा दिव्याला हात भाजला. माशांच्या टाकीच्या काचेवर चार पायांवर उभा असलेला हा दिवा म्हणजे माझ्या मानगुटीवर बसलेलं भूत आहे. पाणी आणि दिवा यांच्यात जेमतेम एक वीत जागा. त्या फटीतून हात घालायचा, चाचपडत चाचपडत प्रवाळावरचं शेवाळं ओढायचं, आणि अर्धं काढून झालं की हात भाजला म्हणून बाहेर घ्यायचा. शेवाळं आता मधल्या मोठ्या प्रवाळाच्या बुंध्याशी आलंय. मी निवृत्त झालो त्या वर्षी बोटाएवढा तुकडा आणला होता. आज दोन ओंजळींत मावणार नाही. तो गेला तर दिवसभर या घरात मी करायचं काय?

दिवा उचलून बाजूला ठेवावा, तर वजन तांदळाच्या पोत्याएवढं. माझे गुडघे कीलुंग बंदरातल्या ओढबोटीच्या इंजिनखोलीत वाकून वाकून गेलेत. पाओ-यिनला म्हटलं, "जरा एका बाजूने धर गं." म्हणाली, "मला नाही जमणार." टीव्हीवरची नजरसुद्धा काढली नाही. इतक्या वर्षांचा संसार, आणि दिवा धरायला बायको नाही!

७ नोव्हेंबर

वेईच्या दुकानात गेलो होतो. मासे, प्रवाळ, खारं पाणी, सगळं त्याच्याकडूनच आणतो मी. म्हटलं, दिवा वरखाली करता येईल असं काहीतरी दाखव. त्याने छताला टांगायचा तयार संच दाखवला. चार बारीक तारा, प्लॅस्टिकच्या कळा. म्हटलं, "ही तार माझा दिवा पेलणार नाही." तर म्हणतो कसा, "काका, या वयात छताला भोकं पाडायच्या भानगडीत कशाला पडता? छोटी टाकी घ्या. दोन गोल्डफिश सोडा."

गोल्डफिश! मी जे इंजिन चालवलं त्याच्या एका नटाएवढीसुद्धा याची अक्कल नाही. संच त्याच्या टेबलावर आपटला आणि निघालो.

घरी येऊन बाल्कनीत सिगारेट ओढत उभा राहिलो. पाऊस पडतच होता. रागाने वर पाहिलं, आणि पाहतच राहिलो. कपडे वाळत घालायची दांडी! दोन जाड तारा, चार कप्प्या, भिंतीवर फिरवायचं हँडल, आणि हात सोडला तरी खाली घसरणार नाही असा ब्रेक. ओल्या गोधड्या पेलते ती. मी दुकानं पालथी घालतोय आणि वस्तू माझ्याच डोक्यावर टांगलेली.

८ नोव्हेंबर

दांडी काढली. पाओ-यिन बाल्कनीच्या दारात उभी राहून पाहत होती.

"आणि कपडे?"

"काठी आहे ना. वरच्या पाइपवर टाकायचे काठीने. तुझी आई जन्मभर काठीनेच टाकायची."

"माझी आई उंच होती."

"मग स्टुलावर चढ."

पाठ फिरवून आत निघून गेली. हे तिचं नेहमीचं. तोंडाने भांडली असती तर मी दोन शब्दांत निकाल लावला असता. ही गप्प बसून भांडते, आणि मग माणसाला आपलंच काही चुकलं की काय असं वाटायला लागतं. चुकलेलं काहीही नाही. घर दोघांचं, दांडीही दोघांची.

१५ नोव्हेंबर

आठवडाभर काम चाललंय. अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांची चौकट केली, तिच्यात दिवा बसवला. आज छताला भोकं पाडली. तिसरं भोक पाडत असताना वरच्या मजल्यावरची गाओबाई धडाधडा जिना उतरून आली.

"लिएनभाऊ, माझ्या देवाऱ्यातली उदबत्ती हलतेय! पूर्वजांच्या नावाच्या पाट्या पडल्या तर तुम्ही उचलायला येणार का?"

"पूर्वजांना सांगा दहा मिनिटं धरून बसायला."

ती जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. बाई फारच फाटक्या तोंडाची. पाओ-यिन तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली आणि दोघी जिन्यात उभ्या राहून बराच वेळ कुजबुजत होत्या. माझ्याच नावाने असणार, दुसरं काय.

१९ नोव्हेंबर

चौकट टांगली. हँडल फिरवलं तर डावी बाजू वर आणि उजवी खाली. दिवा असा तिरका झाला की बोटीच्या कप्तानाने समुद्रात उडी मारली असती. दिवसभर शिव्या घातल्या. कोणाला, ते माहीत नाही.

संध्याकाळी लक्षात आलं. कपड्यांना तिरकं चालतं, कपडे तक्रार करत नाहीत. दोन्ही तारांची लांबी कधीच सारखी नव्हती, आणि मी ती कधी पाहिलीच नव्हती, कारण ते हँडल मी कधी फिरवलंच नव्हतं. उजवी तार कापून पुन्हा बांधली.

२० नोव्हेंबर

झालं! हँडल फिरवलं की दिवा सरळ वर जातो. छातीपर्यंत, डोक्यापर्यंत, पार छताला. दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले आणि बुंध्याशी आलेलं शेवाळं मुळासकट उपटलं. माझ्या हाताने घरी बनवलेली दिव्याची दांडी. वेई, तुझे गोल्डफिश तूच सांभाळ.

पाओ-यिनला बोलावून दाखवलं. तिने डाव्या हाताने हँडल फिरवलं, दिवा वर नेला, खाली आणला. म्हणाली, "हलकं फिरतं. तेल घातलंस?" मी म्हटलं, घातलं. "बाल्कनीत होतं तेव्हा कधी घातलं नव्हतंस." आणि गेली भात लावायला. एवढीच शाबासकी.

३ डिसेंबर

शेवाळं हटलं. मोठ्या प्रवाळाने आज इतकी बोटं बाहेर काढली की मी खुर्ची ओढून बसूनच राहिलो.

पण घरात पाय ठेवायला जागा नाही. पाऊस थांबत नाही हे खरं, पण कीलुंगला पाऊस कधी थांबला होता? आणि कपडे कुठे कुठे? खुर्च्यांच्या पाठीवर, दारांच्या मुठींवर, पलंगाच्या काठावर. सगळे माझ्या गुडघ्याच्या उंचीवर. बाल्कनीतला वरचा पाइप मोकळा, काठी कोपऱ्यात कोरडी, आणि मी ओल्या पँटी ओलांडत फिरतोय. विचारलं, "हा काय बाजार मांडलायस?" म्हणाली, "इथे वाळतात." ओले कुबट वास मारतात, आणि म्हणे वाळतात! त्यात तिच्या अंगाला हल्ली औषधी तेलाचा वास. म्हटलं, "हे काय चोपडतेस?" तर "डास फार झालेत." डिसेंबरात डास!

११ डिसेंबर

पाओ-यिन केस कापून आली. पोरासारखे, मानेपर्यंत! लग्नात होता तसाच अंबाडा होता तिचा कालपर्यंत. रोज सकाळी दोन्ही हात मागे नेऊन बांधायची, तीन काटे तोंडात धरून. एका शब्दाने विचारलं नाही मला. आणि कोणाबरोबर गेली होती? त्या गाओबाईबरोबर.

"काय हे? या वयात फॅशन?"

"सोपं पडतं."

"चांगला अंबाडा होता."

"तुला चांगला वाटत होता, हे आज कळलं मला."

मला चिडवायलाच कापलेत, दांडीचा सूड म्हणून. हातच टेकले मी.

२९ डिसेंबर

सकाळी टाकीशी आलो तर माझ्या दिव्याच्या चौकटीवर मोज्यांची रांग! माझेच मोजे. दोन रुमाल आणि तिचा एक शर्ट. दिवा चालू, आणि वर कपडे शेकत बसलेले.

ओरडलो. अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल. "ही काय वाळत घालायची दांडी आहे?"

"हो," ती म्हणाली. "तीच आहे."

"होती! आता नाही! पाण्यात एक थेंब पडला साबणाचा तर सगळं मरेल, कळतंय का? सगळं!"

"पिळले होते नीट."

"पिळलेले!" एक मोजा उचलून पिळला तर बोटं ओली झाली. तिला दाखवली. ती माझ्या बोटांकडे न बघता हँडलाकडे बघत होती. मग म्हणाली, "ते हँडल तेवढं माझ्या उंचीला आहे." म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक.

आता हँडलाला कुलूप घालणार. बायकोपासून दिव्याला कुलूप, अशी वेळ आली.

१८ जानेवारी



बंदरावर जुन्या सोबत्यांबरोबर माशाच्या गोळ्यांचं सूप प्यायला गेलो होतो. चांद्र वर्षाची अखेर, सगळे जमतात. सकाळी टाकी साफ केली होती आणि घाईत कुलूप लावायचं राहिलं. परत आलो तर दारातून फेस बाहेर येत होता. पाण्यातली घाण फेसाने वर काढायचं जे यंत्र आहे ते वेड्यासारखं ओकत होतं, फेस टाकीखालून जमिनीवर आणि जमिनीवरून चपलांपर्यंत. वर चौकटीवर आमच्या पलंगाची चादर. कपडे मऊ करायच्या द्रवाचा फुलाफुलांचा वास सगळीकडे. चादरीच्या टोकावरून थेंब पडतच होता. मी पाहत असताना पडला.

प्रवाळ सगळे आवळलेले. मोठा प्रवाळ पांढरट, त्याच्या अंगावरून सालपटं सुटतायत. पिवळा मासा आडवा.

पाओ-यिन बादली घेऊन जमीन पुसत होती. "नवीन वर्षाच्या आत चादरी धुवायच्या होत्या," म्हणाली. "पहिले दोन दिवस धुवायचं नसतं, म्हणून. वर टाकायला दुसरी जागा नव्हती. मी खाली ताटली ठेवली होती, वाऱ्याने चादर—"

मी काय काय बोललो ते आठवतं. लिहितो, कारण लिहायचं ठरवलंय तर सगळंच. म्हटलं, तुला मुद्दामच मारायचे होते ते. म्हटलं, या घरात मला एक गोष्ट आवडते आणि तू तिचा गळा घोटलास. म्हटलं, तुझ्यापेक्षा त्या माशांना जास्त कळतं. ती पुसतच राहिली. डाव्या हाताने, अर्धवट, पाणी इकडचं तिकडे. मी ओरडलो, "धड पुसताही येत नाही का?" तेव्हा थांबली. फडकं बादलीत टाकलं आणि आत गेली.

१९ जानेवारी

ताइचुंगला गेली, पेई-जुंगकडे. लेकीकडे. सकाळच्या गाडीने. जाताना म्हणाली, "वाळलेलं आहे ते कपाटात आहे. बाकीचं येईल." बाकीचं कुठून येणार, ते सांगितलं नाही.

मी जास्त बोललो का? नाही. ज्याचं मेलं त्याने ओरडायचंही नाही का?

अर्धं पाणी बदललं. पाणी गाळायला कोळशाची पिशवी टाकली. टाकीतली कोळंबी मेली.

२० जानेवारी

पेई-जुंगचा फोन. "बाबा, तुम्ही आईला काय बोललात?"

"तिने काय केलं ते विचार आधी."

"तिने काही सांगितलं नाही. ती नुसती बसून आहे. मी तिला अंघोळ घालते आणि ती रडते."

"अंघोळ घालतेस म्हणजे? ती काय तान्ही आहे?"

पोरगी म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच असे आहात, की सोंग घेता?" आणि फोन ठेवला. आईने पढवलेली लेक. दोघी मिळून माझ्यावर उठल्यात.

पुन्हा पाणी बदललं. मोठ्या प्रवाळाच्या एका टोकाला अजून रंग आहे.

२२ जानेवारी

दार वाजलं. गाओबाई. तिने तोंड उघडायच्या आधीच मी हात वर केला, "ड्रिलला हात लावलेला नाही मी."

"तोंड मिटा आणि हे घ्या."

मोठी पिशवी. आत माझे शर्ट. माझ्या दोन पँटी. बनियन. सगळ्यात वर माझ्या चड्ड्या, चौकोनी घडी घालून.

"हे तुमच्याकडे कसं?"

"पाओ-यिन आणून द्यायची. माझ्या दांडीवर वाळवायची ती, तुम्ही तिची उपटून नेल्यापासून. गेल्या आठवड्यात माझे पाहुणे होते, दांडी भरलेली, नाहीतर चादरही मीच वाळवली असती."

"काठी होती की तिच्याकडे."

गाओबाईने कपाळावर हात मारला.

"काठी वर कोण धरणार, लिएनभाऊ? खांदा आखडलाय तिचा. उजवा हात छातीच्या वर जात नाही. उन्हाळ्यापासून. हाडवैद्याकडे मीच घेऊन जाते दर बुधवारी. अंबाडा बांधता येईना म्हणून तर केस कापले, न्हाव्याच्या खुर्चीत बसून रडली. तुमच्या दिव्याच्या त्या हँडलाला तेवढं वर पोचावं लागत नाही. खाली आणलं की कपडे टाकता येतात." मग जरा हळू आवाजात, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी दार लावलं. तिच्या तोंडावर.

संध्याकाळ

संताप होतोय. मला सांगितलं का नाही? वरच्या बाईला माहीत, न्हाव्याला माहीत, हाडवैद्याला माहीत. माझ्या चड्ड्यांची घडी घालणाऱ्या बाईला माहीत. मी एकाच पलंगावर झोपतो आणि मला माहीत नाही!

पण सांगितलं होतं तिने. "मला नाही जमणार" म्हणाली होती. मी ऐकलं होतं. ऐकून तिला आळशी ठरवलं.

तीन काटे तोंडात धरून. मी सकाळी चहा पीत बघत असायचो. बंद झालं ते कधी, कोण जाणे. मला वाटलं होतं केस कापले तेव्हा बंद झालं. त्याआधी कोण बांधत होतं तिचे केस? गाओबाईच ना. गाढव आहे मी. बंदरातल्या एका इंजिनाचा आवाज जरा बदलला तर मी झोपेतून उठायचो.

२४ जानेवारी

सकाळी दिवा उतरवला आणि दांडी काढली. परत बाल्कनीत लावायची म्हणून. कप्प्या फिरेनात. टाकीवरची खारी वाफ दोन महिन्यांत तारांच्या आत शिरलेली. वरून चकचकीत, आणि वाकवली तर आतून लाल भुगा. आयुष्य खाऱ्या पाण्यावर काढलं आणि उघडी पोलादी तार मी खाऱ्या पाण्यावर टांगली! शिकाऊ पोराने हे केलं असतं तर त्याला मी धक्क्यावर उभा करून झापला असता. तिची धड चाललेली वस्तू घेऊन गेलो आणि सडवून परत आणली.

नवी तार आणली, गंज न चढणारी. नव्या कप्प्या. दिवसभर शिडीवर. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दिले.

२५ जानेवारी

दांडी बसवली. हँडल आणखी खाली घेतलं, तिच्या कमरेशी. दोन्ही तारा सारख्या. तेल घातलं.

मग टाकीसमोर बसलो. दिवा जमिनीवर, टाकी अंधारात. दिवा त्याच्या चार पायांवर परत उभा केला असता, पण चीड आली. या डबक्यापायी हे सगळं झालं. वेईला फोन लावला. तो येऊन उरलेले मासे घेऊन गेला, प्रवाळही. मोठ्या प्रवाळाचं जिवंत टोक त्याने तोडून वेगळं पिशवीत घातलं. म्हणाला, "काका, हे जगेल बहुतेक. विचार करा." म्हटलं, "ने म्हटलं ना! ने."

पाणी मोरीत सोडून दिलं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. पाओ-यिन येईल, बघेल, आणि तिला कळेल की मी तिच्यासाठी काय सोडलं.

पेई-जुंगला फोन केला. म्हटलं, आईला सांग, दांडी लावलीय.

२७ जानेवारी

उद्या वर्षाची शेवटची रात्र. पाओ-यिन दुपारी आली. पेई-जुंग उद्या नवऱ्याला घेऊन येणार आहे.

चपला काढल्या आणि थेट बाल्कनीत गेली. डाव्या हाताने हँडल फिरवलं. दांडी खाली आली, सरळ, तिच्या छातीपर्यंत. पुन्हा वर नेली. मी मागे उभा. ती काही बोलेल म्हणून थांबलो. म्हटलं असेल तिला बरं वाटत, पण तोंडाने म्हणायचं नाही, हे तिचं नेहमीचंच. परत आत आली आणि टाकीसमोर थबकली.

"हे काय?"

"रिकामी केली," मी म्हटलं. जरा ताठ उभा राहून. "वेईला दिलं सगळं. तुझ्यासाठी."

"आणि तो मोठा प्रवाळ?"

"एक टोक उरलं होतं. तेही दिलं."

तिने पिशवी जमिनीवर टाकली. मी तिला इतकी चिडलेली कधी पाहिली नव्हती. मानेपर्यंतचे केस, आणि मान लाल.

"माझ्यासाठी? मी मागितलं होतं? तू सकाळी बाजारात गेलास की मी तासभर बसायचे तिथे. तो बोटं बाहेर काढायचा तेव्हा तेवढा वेळ खांदा दुखतोय हे विसरायचे. तो मेला त्या दिवशी तू एकटाच ओरडत होतास, म्हणून तुला वाटलं तुझंच मेलं!"

"मला काय माहीत? तू कधी बोललीस का?"

"तू कधी विचारलंस? दांडी काढलीस, विचारलं नाहीस. परत लावलीस, विचारलं नाहीस. मासे देऊन टाकलेस, तेही नाही. आपल्या मनाने करून मोकळा होतोस, आणि वर तोंड बघत उभा राहतोस, मी काय म्हणते म्हणून! मला तुझं काही नको, म्हाताऱ्या!"

"मग करू काय मी? सांग ना, काय करू?" मीही ओरडलो. इतक्या मोठ्याने की वरून गाओबाईने जमिनीवर पाय आपटला.

"विचार!" ती त्याच्याहून मोठ्याने ओरडली. "आधी विचार!"

बाहेर पाऊस. मला खरंच सुचेना, विचारायचं म्हणजे काय आणि कुठून. तोंडात राग भरलेला, आणि त्याच्यातून प्रश्न काही बाहेर येईना. शेवटी जे आलं ते विचारलं.

"हात किती वर जातो?"

मला वाटलं, आता परत पिशवी उचलते. मग तिने उजवा हात उचलायला सुरुवात केली, हळूहळू, ओठ दाबून. माझ्या शर्टाच्या तिसऱ्या बटणापर्यंत आला आणि थांबला.

"एवढा," ती म्हणाली.